पाणबुडी आपली, किल्ली कुणाची?

१४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत 'कलवरी' ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. समारंभाला पंतप्रधान होते, बँड होता, पांढऱ्या गणवेशातल्या रांगा होत्या. आराखडा फ्रान्सचा, बांधणी माझगावची. जहाजांवर मारा करणारं फ्रेंच 'एक्झोसेट' क्षेपणास्त्र तिनं त्याच वर्षी डागून दाखवलं होतं. नव्हते ते नवे टॉर्पेडो. पाणबुडीचं मुख्य हत्यार टॉर्पेडोच, आणि कोऱ्या करकरीत 'कलवरी'च्या नळ्यांत गेले ते जर्मन बनावटीचे जुने 'सूट' टॉर्पेडो. ऐंशीच्या दशकात आपण जर्मनीकडून पाणबुड्या घेतल्या, त्या पिढीतले.

नवे का नव्हते, याची कहाणी आपल्या शस्त्रखरेदीला शोभेल अशीच आहे. इटलीच्या फिनमेकानिका समूहातल्या 'वास' या कंपनीचे ९८ 'ब्लॅक शार्क' टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं. त्याच समूहातली दुसरी कंपनी ऑगस्टा वेस्टलँड. अतिविशिष्ट व्यक्तींच्या हेलिकॉप्टर खरेदीत लाच दिल्याचा आरोप तिच्यावर झाला आणि २०१३ पासून त्या समूहाचं सगळंच लटकलं. हेलिकॉप्टरचा टॉर्पेडोशी काडीचा संबंध नव्हता, पण मालक एक. २०१६ मध्ये टॉर्पेडोचा विषय कायमचा मिटला. पुढच्या पाच पाणबुड्याही तशाच आल्या: खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि १५ जानेवारी २०२५ रोजी शेवटची वाघशीर.

मग आपल्या डीआरडीओचा जड टॉर्पेडो या पाणबुड्यांत बसवायचं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयानं त्यासाठी करार केला, ८७७ कोटी रुपयांचा. तो झाला नेव्हल ग्रुप या फ्रेंच कंपनीशी. पाणबुडी आपल्या गोदीत बांधलेली, टॉर्पेडो आपल्या प्रयोगशाळेतला, आणि एकात दुसरा बसवायचे पैसे फ्रान्सला! वाचताना कपाळाला हात जातो खरा, पण यात लबाडी कुणाची नाही. आधुनिक टॉर्पेडो म्हणजे नळीत सरकवून सोडायचा दारूगोळा नव्हे. लक्ष्य कुठे आहे, किती खोल आहे, कुठल्या दिशेनं वळतंय हे सोनारकडून आलेलं सगळं त्याला पाणबुडीतली युद्धप्रणाली सांगते, आणि सुटल्यावरही मागे उलगडत जाणाऱ्या तारेतून सांगत राहते. या पाणबुड्यांची ती प्रणाली, 'सबटिक्स', फ्रेंच आहे. तिच्या सॉफ्टवेअरची किल्ली ज्यानं ते लिहिलं त्याच्याच खिशात.

शस्त्रांच्या व्यवहाराबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी तावातावानं बोलल्या जातात. किती कोटींचा, आणि त्यात कुणी किती खाल्ले. वर्तमानपत्रं त्यावर महिनोन्महिने चालतात, सरकारंही पडतात. त्या व्यवहारातून आपल्या माणसांचे हात काय शिकले आणि शिकलेल्या हातांना पुढे काम का मिळालं नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. मित्रदेशाकडून शस्त्र घेण्याचा खरा हिशोब तिथेच लागतो, असं मला वाटतं. माझगावच्या गोदीइतका तो दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही.

यशवंतरावांचा दौरा

चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले ते संरक्षण खातं उभं करायला. १९६४ च्या मे महिन्यात ते अमेरिकेत गेले. भारताला एफ-१०४ विमानं हवी होती. ती मिळाली नाहीत. दौरा चालू असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली आणि यशवंतराव परतले. नौदलाचा ओढा ब्रिटनकडे होता. अधिकारी ब्रिटिश परंपरेत घडलेले, पाणबुडीचे पहिले धडेही त्यांनी रॉयल नेव्हीकडेच गिरवलेले. त्यांना 'ओबेरॉन' जातीच्या पाणबुड्या हव्या होत्या. लंडननं नाही म्हटलं नाही. परवडेल असं कर्ज मात्र दिलं नाही. त्याच वर्षी यशवंतराव मॉस्कोला जाऊन आले. सोव्हिएत संघ कर्ज द्यायला तयार होता, आणि फेडही रुपयांत चालणार होती.

सप्टेंबर १९६५ मध्ये चार पाणबुड्यांचा करार झाला. त्याच महिन्यात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि अमेरिका व ब्रिटननं दोन्ही बाजूंचा शस्त्रपुरवठा थांबवला. मॉस्कोशी पुढे जी पन्नास वर्षांची गाठ पडली, तिचं श्रेय समाजवादी विचारसरणीला देणारे पुष्कळ आहेत. मला त्यात कर्जाच्या अटी आणि त्या सप्टेंबरमधली शस्त्रबंदी जास्त दिसते.

भारतीय नौसैनिक व्लादिवोस्तोकला गेले, आधी रशियन शिकले, मग पाणबुडी शिकले. ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात पहिली 'कलवरी' नौदलात आली, पुढच्या वर्षी त्याच बंदरात 'खांदेरी'. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही तिच्यावर चालून आले आणि दोघांनाही हात हलवत परतावं लागलं. थळच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या त्या किल्ल्याचं नाव बाल्टिक समुद्रात रशियन पोलादावर रंगवलं गेलं.

मित्रांच्या हत्यारांनी लढणारे आपण एकटे नव्हतो. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडाली ती पाकिस्तानी 'गाझी' अमेरिकेनं भाडेपट्ट्यानं दिलेली पाणबुडी होती. ९ डिसेंबरला आपली 'खुकरी' बुडवणारी 'हंगोर' फ्रेंच होती. कराचीवर मारा करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत. समुद्रात त्या पंधरवड्यात तीन-चार देशांचे कारखाने एकमेकांशी लढत होते. माणसं तेवढी आपली आणि त्यांची.

जाता जाता नाशिकचं सांगायला हवं. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं यशवंतरावांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं, आणि लगोलग ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. ओझरचं काम मिग संपले म्हणून संपलं नाही. मिगनंतर सुखोई, सुखोईनंतर तेजस, अशी साखळी चालू राहिली. माझगावची पाणबुड्यांची साखळी तुटली.

कीलहून माझगावला

हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला गेलं की माझगाव डॉकची भिंत लागते. इथली पहिली लहानशी गोदी १७७४ सालची. १९६० मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, आणि ब्रिटिशांच्या सहकार्यानं इथं बांधलेली 'निलगिरी' ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात आली. पण वर तरंगणारं जहाज बांधणं वेगळं आणि पाण्याखाली माणसांना घेऊन जाणारं बांधणं वेगळं.

डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील बंदरात बांधायच्या, दोन माझगावला. माझगावचे कारागीर कीलला जाऊन शिकणार आणि इथं येऊन बांधणार.

ते काय शिकले, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तीनशे मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीस किलो होतो. म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर तीन टन. हा दाब पेलतं ते आतलं पोलादी कवच. त्यासाठी खास पोलादाचे जाड पत्रे रोलरमधून वाकवून कडी करायची, कड्यांना आतून फासळ्या जोडायच्या आणि एकाला एक कडं जोडत नळकांडं पुढे न्यायचं. कड्याची गोलाई काही मिलिमीटरनं जरी बिघडली, तरी दाब सगळीकडे सारखा बसत नाही आणि कवच तिथं दबायला लागतं. जोडायच्या कडा आधी तापवून घ्यायच्या, कारण थंड पोलादावर वेल्डिंग केलं तर आत केसासारखी चीर राहते. मग थरावर थर. प्रत्येक थर घासून साफ करायचा, तेव्हा पुढचा. जोड पूर्ण झाला की क्ष-किरणांची किंवा ध्वनिलहरींची तपासणी. फिल्मवर तांदळाच्या कणीएवढा बुडबुडा दिसला तरी तेवढा भाग खरवडून काढायचा आणि पुन्हा भरायचा. हे सगळं पाठीवर पडून, गुडघ्यांवर बसून, डोक्यावर हात नेऊन, कारण पाणबुडीच्या आत सरळ उभं राहून करता येण्याजोगी कामं थोडीच.

पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं. तरी वेल्डरची पात्रता कागदावर आयुष्यभर टिकत नाही. जगभरचा प्रघात असा, की सहा महिने त्या प्रकारचं काम हातून झालं नाही, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

माझगावला बांधलेली 'शाल्की' फेब्रुवारी १९९२ मध्ये आली, 'शंकुल' मे १९९४ मध्ये. काम चोख झालं. याच जोमात पाचवी आणि सहावी बांधायची, असं घाटत होतं. पण १९८७ मध्येच माशी शिंकली होती. एचडीडब्ल्यूच्या व्यवहारात सात टक्के दलाली दिली गेल्याची माहिती बॉनहून दिल्लीला आली, विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत संरक्षणमंत्रिपद सोडलं. त्याच एप्रिलमध्ये बोफोर्सचा बॉम्ब फुटला. पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या, कंपनीशी नवे व्यवहार थांबले. खटल्याचं म्हणाल, तर सीबीआयनं पुराव्याअभावी तो यथावकाश गुंडाळला. दलाली खाणारा सापडला नाही. शिक्षा झाली ती माझगावच्या पाणबुडी विभागाला.

'शंकुल'नंतरच्या पाणबुडीचं पोलाद माझगावला कापलं गेलं ते १४ डिसेंबर २००६ रोजी. मध्ये साडेबारा वर्षं. सहा महिन्यांत जिथं हाताची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, तिथं साडेबारा वर्षं! कील पाहिलेले कारागीर काही निवृत्त झाले, काही विनाशिकांच्या कामावर गेले. पैसे मोजून आणलेली विद्या विरून गेली.

बोफोर्सची गोष्ट याहून चटका लावणारी. ४१० तोफांच्या त्या करारात तंत्रज्ञानाची कागदपत्रं आपल्याला मिळाली होती. बदनामीच्या धसक्यानं त्यांना कुणी हात लावेना. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर याच तोफांनी बाजू सावरली, तरीही ती कागदपत्रं कपाटातच राहिली. त्यांच्या आधारे जबलपूरच्या कारखान्यानं 'धनुष' तोफ घडवली, पण एक पिढी उलटून गेल्यावर.

फ्रेंच मैत्री

ऑक्टोबर २००५ मध्ये सहा 'स्कॉर्पीन' पाणबुड्यांचा करार झाला, १८,७९८ कोटींचा. सगळ्या सहा माझगावला बांधायच्या. पहिली २०१२ मध्ये मिळायची होती. मिळाली २०१७ मध्ये. सामान वेळेवर न येणं, किमती वाढणं ही कारणं होतीच. पण हात नव्यानं घडवावे लागले, हेही होतं. साडेसदुसष्ट मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात सुमारे अकरा किलोमीटर पाइप आणि साठ किलोमीटर केबल बसवायची असते. बॅटरीचे ३६० सेल, प्रत्येक साडेसातशे किलोचा, म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचं वजन २७० टन. एक पाइप चुकीच्या क्रमानं बसला, तर त्याच्यापुढचे दहा काढावे लागतात.

फ्रान्सशी आपली मैत्री जुनी आणि तशी निरोगी. १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर अमेरिकेनं निर्बंध लादले. फ्रान्सनं ते टाळलं, आणि दिल्ली ते विसरली नाही. त्या निर्बंधांचा फटका कुठे बसला पाहा. आपल्या नौदलाची 'सी किंग' हेलिकॉप्टरं घेतलेली ब्रिटनकडून, पण आत अमेरिकी भाग. सुट्या भागांअभावी ती जमिनीवर बसली.

पण फ्रेंचांची मैत्री एकट्या आपल्याशी नाही. ज्या फ्रेंच कंपनीनं आपल्याला 'स्कॉर्पीन' दिली, तिनंच पाकिस्तानला 'अगोस्टा' दिल्या, आणि त्यांतल्या दोन कराचीत बांधून दिल्या. ८ मे २००२ रोजी कराचीत हॉटेलबाहेर एका बसवर आत्मघाती हल्ला झाला. अकरा फ्रेंच माणसं गेली. पाणबुडीच्या कामासाठीच ती तिथं राहत होती. आपल्या करारावर सह्या झाल्या त्या यानंतर तीन वर्षांनी. यात रागावण्यासारखं काही नाही; शस्त्रं विकणारा देश दुकानाची पाटी एकाच गिऱ्हाइकासाठी लावत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्रानं गौप्यस्फोट केला, की आपल्या स्कॉर्पीनच्या तांत्रिक माहितीची २२,४०० पानं बाहेर फुटली आहेत. बातमी ऑस्ट्रेलियातच का यावी? त्याच एप्रिलमध्ये त्या देशानं बारा पाणबुड्यांसाठी याच फ्रेंच कंपनीची निवड केली होती. एका गिऱ्हाइकाचं गुपित फुटलं की दुसऱ्याची झोप उडते. आपल्या नौदलानं पानं तपासली आणि धोका नसल्याचं सांगितलं.

ऑस्ट्रेलियाच्या त्या सौद्याचा शेवट मोठा नाट्यमय झाला. १५ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी 'ऑकस' जाहीर केलं, ऑस्ट्रेलियाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या मिळणार असं ठरलं, आणि फ्रान्सचा करार एका फटक्यात रद्द झाला. मॅक्रॉन यांनी वॉशिंग्टन आणि कॅनबेरातून राजदूत परत बोलावले. अमेरिका आणि फ्रान्स 'नाटो'तले, दोन महायुद्धांत खांद्याला खांदा लावून लढलेले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियानं ५५.५ कोटी युरो भरपाई मोजली आणि प्रकरण मिटवलं. तहाच्या कागदावर सह्या असलेल्या मित्रांचं हे असं, तर कुठल्याच गटात नसलेल्या आपली काय कथा!

एका बोल्टासाठी

मैत्रीची खरी परीक्षा समारंभात होत नाही, दुरुस्तीच्या वेळी होते. आपल्या रशियन 'किलो' जातीच्या पाणबुड्या मोठ्या दुरुस्तीसाठी उत्तर रशियात सेवेरोद्विन्स्कला जायच्या. हे काम आपणच करावं म्हणून 'सिंधुकीर्ती' २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत घेतली. ती बाहेर पडायला जवळजवळ नऊ वर्षं लागली.

थायलंडनं २०१७ मध्ये चीनकडून पाणबुडी घ्यायचं ठरवलं. इंजिन जर्मन ठरलं होतं. चीनच्या लष्करी सामानासाठी ते द्यायला जर्मनीनं नकार दिला. वर्षानुवर्षं घासाघीस होऊन थायलंडनं अखेर चिनी इंजिन पत्करलं. सौदा दोघांचा, नकाराधिकार तिसऱ्याचा. आपली तेजस विमानंही अशीच अमेरिकी इंजिनांसाठी तिष्ठत राहिली: ९९ इंजिनांचा करार २०२१ चा, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये.

सगळ्यांत अजब प्रकार 'तुशिल'चा. ही फ्रिगेट रशियानं कॅलिनिनग्राडमध्ये आपल्यासाठी बांधली. तिची गॅस टर्बाइन्स मात्र युक्रेनची, आणि २०१४ मध्ये क्रिमिया रशियानं गिळल्यापासून युक्रेन रशियाला ती देईना. शेवटी टर्बाइन्स भारतानं विकत घेतली आणि रशियाला पोचती केली. ९ डिसेंबर २०२४ रोजी, ते दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागत असताना, एकाच्या इंजिनांवर चालणारं दुसऱ्याचं जहाज आपल्या नौदलात दाखल झालं. परराष्ट्र धोरणावरच्या कुठल्याही पुस्तकाला जमणार नाही एवढं ते जहाज आपल्याबद्दल सांगून जातं.

सगळी अंडी एका टोपलीत नकोत, हे दिल्लीनं मनावर घेतलं आहे. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या हिशोबानं २०१०-१४ मध्ये आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, तो २०२०-२४ मध्ये ३६ वर आला. फ्रान्सचा ३३ वर गेला. टोपल्या वाढल्या, तसं प्रत्येक टोपलीचं कुलूपही वेगळं झालं.

अंबरनाथची पेटी

डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला ठरावीक वेळानं वर यावं लागतं, निदान हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते. शत्रूला ती सापडते तेव्हाच. हवेविना वीज करणारी यंत्रणा असेल, तर ती आठवडा-दोन आठवडे खाली राहू शकते. पाकिस्तानच्या 'अगोस्टा'ला ही यंत्रणा फ्रान्सनं दिली. आपण ठरवलं, की ती स्वतः करायची.

हे काम आलं अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेकडे. फॉस्फोरिक आम्लाच्या इंधन घटांवर चालणारी त्यांची यंत्रणा जमिनीवर मार्च २०२१ मध्ये यशस्वी ठरली. शेवटच्या दोन स्कॉर्पीनमध्ये ती बसावी असा बेत होता. तोवर ती तयार झाली नाही. आता पाणबुडी मधोमध कापून हा नवा तुकडा घालायचा आहे. त्यासाठीचा १,९९० कोटींचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी झाला. उशीर झाला, हे खरंच. पण ही यंत्रणा आपली स्वतःची आहे, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा कर्जत लोकलनं येऊ शकतो. या सगळ्या व्यवहारांत मला मनापासून आवडलेला हा एकच.

दरम्यान जर्मन परतले आहेत. नव्या सहा पाणबुड्यांच्या, 'पी-७५ आय' या प्रकल्पात माझगाव डॉकचा जोडीदार आहे थिसेनक्रुप मरीन सिस्टम्स. एचडीडब्ल्यू आता याच कंपनीत विलीन झालेली. जून २०२३ मध्ये जर्मन संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस मुंबईत असताना दोघांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाशी किमतीची बोलणी सुरू झाली. अटींनुसार पहिल्या पाणबुडीत ४५ टक्के माल देशी असायचा, सहाव्यात ६० टक्के. कीलची जुनी 'शंकुश'ही मोठ्या दुरुस्तीसाठी माझगावलाच आहे, २,७२५ कोटींच्या कामावर. १९८६ साली नौदलात आलेल्या पाणबुडीचं आयुष्य वाढवणं चालू आहे, कारण तिची जागा घेणारी अजून कागदावर आहे.

१९९९ मध्ये मंत्रिमंडळ समितीनं तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधायचा आराखडा मंजूर केला होता. त्यातल्या सहा झाल्या. वाढीव तीन स्कॉर्पीनना जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, करार झालेला नाही. 'वाघशीर' पाण्यात उतरली ती एप्रिल २०२२ मध्ये. सहा पाणबुड्या बांधून तयार झालेले वेल्डर, फिटर आणि फिल्म वाचणारे तपासनीस अजून गोदीत आहेत. पुढच्या पाणबुडीचं पोलाद कापायची तारीख मात्र कुणी दिलेली नाही.